शून्याचं टोक

जिमखान्याच्या भिंतीवर फळा आहे.
वर पिवळ्या अक्षरांत : थाळीफेक, आंतरमहाविद्यालयीन विजेते.
खाली साल, नाव, अंतर.
गफूर पेंटरनं सुरू केला, त्याच्या पोरानं वाढवला,
आता स्टिकर लावतात. सेलूच्या उन्हात सुटतात.

मी त्यावर कुठंच नाही, असायचं कारणही नाही.
मी फितीचं टोक धरायचो.
लोकांना वाटतं, शून्य वर्तुळापाशी असतं.
नसतं. वर्तुळापाशी सर, आकडा वाचायला.
शून्य माझ्याकडं, थाळी पडली तिथं,
काळ्या मातीत गुडघा टेकून, अंगठ्याखाली.

१९६८, नागोराव वाकळे.
तेव्हा मोजमाप फुटांत. पुढं कुणीतरी मीटर केले, चुकीचे;
तेव्हापासून नागोराव हातभर कमी भरतो.
लाकडाची थाळी, कडेला लोखंडी पट्टी.
फेकून झाल्यावर हात झटकायचा, विंचू चावल्यासारखा.

१९७२. नुसती रेघ.
पोरं खडी फोडायला गेलेली,
सर त्यांचीच हजेरी मांडत होते, मस्टरवर.

१९७९, अन्सार देशमुख. डावखुरा.
हे कुणी मला सांगितलंच नाही.
थाळी कानाजवळून गेली.
त्या कानात ती अजून जाते,
दुसरं फारसं काही येत नाही.

एक्क्याण्णव ते चौऱ्याण्णव, चार ओळी, एकच नाव :
दगडू हारकळ.
थाळीसाठी नापास होत राहिला म्हणायचे.
पाचव्या वर्षी प्राचार्यांनी हात जोडून पास केला.

आता मधलं राहिलं ते.

१९८६. मुलींना रकानाच नव्हता,
गफूरनं कडेला उभ्या अक्षरांत बसवलं :
केवळा राठोड.
तांड्यावरून सायकलवर यायची, डबल सीट, भाऊ मागं.
सर म्हणाले, बांगड्या काढ. निघेनात. साबण आणला.
तिसरी फेक उंच गेली, वाऱ्यात तिरपी झाली,
आणि पडली कुठं ते दिसेना.
पंच, पोरं, चहावाला, सगळे खाली वाकून,
जसं कुणाच्या कानातलं हरवलंय.
जानेवारीतलं रान, भेगाळलेलं.
थाळी कडेवर उभी भेगेत गेली होती.
मी कोपरापर्यंत हात घातला. आत गार होतं.

भेग चार बोटं रुंद.
भेगेला दोन कडा.
नियम अलीकडची धर म्हणतो.
सर लांबून ओरडले, धरलं का?
धरलं, म्हणालो.
पलीकडची धरली होती.

का, ते मलाही नीट सांगता येत नाही.
सायकल असेल. साबण असेल.
तिचा भाऊ मैदानाबाहेर दोन्ही चपला हातात घेऊन उभा होता,
ते असेल.

चोवीस मीटर एकतीस. दोन बोटांनी जिंकली.
बक्षीस स्टीलचं ताट, भांड्याच्या दुकानात नाव कोरून.
दुसरी आली त्या जिंतूरच्या शैलजा टाकळकरला तांब्या.
तिनं तो तिथंच नळाला लावला आणि गटागट प्याली.

केवळा पुढं ग्रामसेविका झाली असं ऐकलं.
ताटाचं काही ऐकलं नाही.

मागच्या साली बँकेत नव्या मॅनेजर आल्या,
चष्मा, पांढरी बट, गुडघ्याला पट्टा.
कार्यक्रमाला म्हणून कॉलेजात बोलावलेलं.
हार घालून घेऊन फळ्यापाशी आल्या, बोट फिरवत फिरवत
उभ्या अक्षरांपाशी थांबल्या.

मामा, तुम्हीच होतात ना फितीला?
किती फरक होता हो?

दोन बोटांचा, म्हणालो.
खोटं नव्हतं.
अलीकडून धरलं असतं तरी दोनच भरला असता.

त्यांनी स्वतःची दोन बोटं उभी केली,
जोडून बघितली, हसल्या,
आणि चहा कुठं ठेवलाय, विचारलं.

खाली दोन हजार चौदाचा स्टिकर लोंबत होता.
मी थुंकी लावून दाबला.